मामा तलाव, गायरान, बोअर : सरकारनं काय द्यायचं आणि कुठून हात काढायचा?

धानबांधी

दरवर्षी कोणी ना कोणी मंत्री भंडारा-गोंदियात येतो आणि मामा तलावांचं पुनरुज्जीवन करून जातो, भाषणात. म्हणून हा धागा.

बाहेरच्या लोकांसाठी थोडक्यात सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून साडेसहा-सात हजार जुने तलाव आहेत, गोंड राजांच्या काळापासून बांधत आलेले, बांधणारे बहुतेक कोहळी समाजाचे. राजानं म्हणे सांगितलं होतं की जो तलाव बांधील त्याला त्या पाण्यानं भिजेल तेवढी जमीन. मग मालगुजार (सारा वसूल करणारे जमीनदार) आले, मग १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले, तेव्हापासून कागदावर 'माजी मालगुजारी', त्याचंच थोडक्यात 'मामा'. तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो, १९५६ ला मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात. दहा वर्षांत तीन राज्यं पाहिली तलावांनी, गाळ मात्र तिथंच.

आता मुद्दा. तलाव सरकारचा झाला त्या दिवशी तो गावाचा राहिला नाही. आधी पाळ खचली की गाव टोपले-फावडे घेऊन जायचं, तुडुम (पाणी सोडायचं दार) कधी उघडायचा, पहिलं पाणी शेवटच्या बांधीला (धानाच्या खाचराला) की जवळच्या, हे गावातच भांडून ठरायचं. पाणी सोडायला माणूस ठरलेला, त्याला हंगामाला धान. आता पाळीला उंदराचं बीळ पडलं तरी लोक म्हणतात अर्ज टाका. आणि अर्ज टाकायचा कुठं? १०० हेक्टरपर्यंत सिंचन असलेला तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याच्या वरचा राज्याकडे, मासे ठेक्यानं संस्थेकडे, गाळपेर (पाणी उतरल्यावर पेरायची) जमीन महसूलकडे. ऑक्टोबरात धान गर्भात असतो आणि पाऊस दडी मारतो, तेव्हा एका पाण्यावर पीक जातं किंवा वाचतं. त्या एका पाण्यासाठी इतके साहेब.

माझं म्हणणं, सरकारनं आधी तलावाची हद्द मोजून द्यावी, मग हक्क लिहून द्यावे, आणि पैसे सगळ्यात शेवटी. आज उलटं चाललंय, पैसे आधी येतात म्हणून गावाच्या आधी ठेकेदार पोचतो. बोला.

निवृत्त_लघुसिंचन

या खात्यात नोकरी गेली माझी म्हणून थोडं लिहितो, राग मानू नका.

दुरुस्तीचं अंदाजपत्रक करताना आम्ही काय धरायचो? पाळीचं मातीकाम, दगडी पिचिंग, गेट, सांडवा. संपलं. तलाव भरतो कशानं, तर वरच्या रानातून येणाऱ्या नाल्यांनी आणि वरच्या तलावाच्या सांडव्यातून. हे तलाव एकटे नाहीतच, एकाखाली एक अशी साखळी आहे. मधे रस्ता झाला, एक मोरी कमी टाकली, कोणी प्लॉट पाडले, की खालचा तलाव कायमचा अर्धा. पण तो नाला अंदाजपत्रकात येत नाही कारण तो 'तलावाचा' नाही. रस्ता दुसऱ्या खात्याचा, प्लॉट तिसऱ्याचे. मग आम्ही काय करणार, पाळ उंच करणार, फोटो काढणार, आणि पाणी पूर्वी होतं तेवढंच.

दुसरं म्हणजे मार्च. निधी उतरतो उशिरा, खर्च दाखवायचा ३१ तारखेच्या आत, आणि मार्चात कित्येक तलावांत उन्हाळी धानासाठी पाणी असतं किंवा शिंगाडा, मासे असतात. कामाचा खरा महिना मे. सरकारला काही द्यायचंच असेल तर या कामांना दोन वर्षांची मुदत आणि न खर्चलेला निधी परत न नेण्याची मुभा द्यावी. पैसे न वाढवता फरक पडेल. हे मी नोकरीत असताना बोललो नाही असं कोणी म्हणायच्या आत सांगतो, बोललो होतो, फायलीला टाचण लावून मिळालं.

खरंबोलू

धानबांधी, लेख छान पण 'गाव' 'गाव' म्हणताय ते नक्की कोण? आमच्या तलावाच्या पोटात जे अतिक्रमण आहे ते काय मुंबईच्या बिल्डरनं केलंय का, ज्यांच्या घरात दोन पिढ्या सरपंचकी आहे त्यांचंच आहे. पाणी उतरलं की एक काकर पुढं, पुढच्या वर्षी अजून एक, मग धुरा घातला, मग धानाची बांधीच झाली, आणि आता तेच लोक म्हणतात तलाव पूर्ण भरू देऊ नका आमचं पीक बुडतं, आणि रात्री जाऊन सांडवा फोडतात. तुम्ही अशा गावाला हक्क लिहून दिला तर तो कोणाच्या हातात जाईल?

आणि ढिवर, म्हणजे मासेमारी करणारा समाज, कुठं आहेत तुमच्या गोष्टीत? जमीन कोहळ्यांची, पोवारांची, कुणब्यांची. ढिवराकडे जमीन नाही, त्याच्याकडे फक्त पाणी. मासे संपले की तो चालला नागपूरला सेंट्रिंगच्या कामावर. ग्रामसभेत तो मागं उभा असतो. मला सरकार हवंय ते ह्याच्यासाठी, गावातल्या दांडग्याला 'थांब' म्हणायला. नुसतं अधिकार दिले आणि निघून गेले तर ती जुनीच मालगुजारी, नाव ग्रामसभा.

माणदेशी

खरंबोलूंना फुल्ल पाठिंबा. आमच्याकडं तलाव नाहीत पण गायरान हाय, स्टोरी सेम.

कायदा बघा किती तगडा. २०११ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाचा जगपाल सिंग निकाल, गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा म्हणून सगळ्या राज्यांना आदेश. त्याच वर्षी १२ जुलैला महाराष्ट्राचा जीआर, गायरान कुठल्या व्यक्तीला, खाजगी संस्थेला देऊ नका. २०१७ ला महसूल संहितेत कलम २२अ घातलं, गायरान दुसऱ्या कामाला वळवायचंच नाही, सरकारी प्रकल्पाला द्यायचं तरी दुसरी योग्य सरकारी जमीन नसंल तरच. एवढं सगळं असून २०२२ ला हायकोर्टापुढं आकडा आला दोन लाख बावीस हजार अतिक्रमणं, नुसत्या गायरानावर.

आता त्यात बी गंमत, सगळी अतिक्रमणं एका मापात. कुणाचं पारध्याचं पाल, कुणा भूमिहीनाचं पत्र्याचं घर, आणि कुणाचा पाच एकराचा ऊस, नोटीस सगळ्यांना एकच. ज्याला वकील परवडतो तो वाचतो. आणि दुसऱ्या बाजूनं सरकारच सौर कृषी वाहिनीला गायरान शोधत फिरतंय. मी सोलरच्या विरोधात नाय, दिवसा लाईट मिळाली तर शेतकरी पाया पडंल. पण गायरान म्हंजी 'पडीक' नव्हं राव. सोलरवाला साहेब आला तवा आमच्या मेंढपाळांनी इचारलं मेंढरं कुठं न्यायची, तर म्हणाला कागदावर इथं चराई दिसत नाय. दिसणार कशी, गवत काय सातबारा काढून उगवतंय?

गडचिरोलीचा

चर्चा निराशेकडे चाललीय म्हणून आमच्या जिल्ह्यातलं सांगतो. मेंढा-लेखा गावाचं सगळ्यांनी ऐकलंय पण अर्धवट ऐकलंय. २००९ ला देशातला पहिलाच सामूहिक वनहक्क, अठराशे हेक्टर जंगल. एवढ्यानं भागलं का? नाही. हक्काचा कागद हातात आणि बांबू तोडला तरी वाहतूक पास वनखात्याकडेच. दोन वर्षं खेचाखेच. २०११ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री गावात आले आणि वाहतूक पासचं पासबुक ग्रामसभेच्या हातात दिलं, तेव्हा कुठं बांबूचे पैसे गावाच्या खात्यात यायला लागले. म्हणजे सरकारनं काय द्यायचं ह्याचं उत्तर माझ्या मते पासबुक. हक्क आणि त्याच्यासोबत तो वापरायची चावी.

खरंबोलूंच्या दांडग्याच्या प्रश्नावर, मेंढ्यात निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एक माणूस नाही म्हणाला की विषय पुढच्या सभेला. वेळखाऊ आहे, डोकं फिरतं, पण मागं उभ्या माणसाला तिथं किंमत आहे. मान्य की ते छोटं, एकजिनसी गोंड गाव आहे, सगळीकडे नाही जमणार.

तलाववाल्यांसाठी कामाची गोष्ट. वनहक्क कायदा २००६, कलम ३(१)(घ) वाचा, त्यात जलाशयातले मासे आणि चराई हे सामूहिक हक्क म्हणून सरळ लिहिलेत. वनजमिनीत येणाऱ्या तलावांवर ढिवर दावा करू शकतात, फक्त आदिवासी नसतील तर तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा लागतो, तिथं अडतं. आणि पेसा (आदिवासी भागांतल्या पंचायतींचा कायदा) लागू असलेल्या गावांत लहान जलसाठ्यांचं नियोजन कायद्यानंच पंचायतीकडे आहे. भंडारा-गोंदिया पेसात नाहीत हे तुमचं दुर्दैव.

मांजराकाठ

तुमच्याकडं तलाव दिसतो तरी. आमचं पाणी जमिनीखाली, कोणी किती उपसलं दिसतच नाही, सगळ्या बोअरच्या गाड्या रात्रीच्या. ६०० फूट, ८०० फूट, हजाराला पण लागत नाही तरी शेजाऱ्याला लागलं म्हणून अजून एक मारतोच माणूस.

कायदे इथंपण आहेत बरं. १९९३ चा होता, गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको. मग २००९ चा भूजल कायदा, त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळेपर्यंत २०१३ उजाडलं, नियमांचा मसुदा आला २०१८ ला. त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला बंदी आहे. ६० मीटर म्हणजे २०० फूट!! आमच्या गावातली अर्धी बोअर त्या हिशोबानं बेकायदा, आणि ज्यानं कारवाई करायची त्याच्या पण शेतात दोन. जो कायदा सगळेच मोडतात तो मोडला तरी कुणाला काही वाटत नाही, उलट साहेबाला एक जास्तीचं कुरण मिळतं.

हिवरे बाजारचं उदाहरण सगळे देतात, बरोबरच आहे, तिथं बोअर फक्त पिण्याला, शेतीला नाही, उसाला बंदी, आणि दरवर्षी पाऊस मोजून पीक ठरतं. पण त्यांच्या शेजारच्या गावानं बोअर मारली तर? पाणी काय गावाची वेस बघून थांबत नाही. इथं सरकार लागतं. एका गावानं पाळलेलं व्रत चार गावांनी मोडू नये एवढं बघायला.

आणि जलयुक्त शिवारवर बोलूच का? साडेनऊ हजार कोटींच्या वर गेले, २०२० ला कॅगनं लिहिलं की भूजल वाढायला फारसा उपयोग झाला नाही. नाला रुंद केला, खोल केला, जेसीबीवाले खूश. काही गावांना फायदा झाला हे मी डोळ्यानं बघितलंय, ते पण लिहितो. पण जिथं पाणी वाढलं तिथं दुसऱ्या वर्षी ऊस वाढला.

आयटीवाला_भंडारा

मी मूळचा लाखनी साईडचा, सध्या पुण्यात. मला वाटतं हे सगळं टेक्नॉलॉजीनं सॉल्व्ह होण्यासारखं आहे. सॅटेलाईट इमेजमधून प्रत्येक तलावाचं पाण्याचं क्षेत्र दरवर्षी काढता येतं, अतिक्रमण कुठल्या वर्षी किती पुढं आलं सगळं दिसतं. एक डॅशबोर्ड केला तर कलेक्टर ऑफिसला लाईव्ह कळेल.

खरंबोलू

कलेक्टर ऑफिसला आत्ताही कळतं जी. प्रश्न कळायचा नाहीच.

आयटीवाला_भंडारा

ओके पण गावाला तर पुरावा मिळेल ना? फोटो कोर्टात टाकता येईल.

निवृत्त_लघुसिंचन

पुरावा म्हणून मदत होईल, पण हद्द ठरते ती भूमी अभिलेखच्या मोजणीनं आणि गाव नकाशानं. त्यासोबत तुमचा फोटो लावा, मग वजन आहे. पोरा, नाउमेद होऊ नको, असे फोटो काढून दे गावाला, आमच्या वेळी असते तर बरं झालं असतं.

धानबांधी

दोन दिवस रोवण्याचं काम होतं, आज बसलो.

खरंबोलू, ढिवरांचं राहिलं होतं हे खरं, आणि तेच नीट लिहितो कारण सगळ्यात मोठी वाट तिथंच लागलीय, आणि ती सरकारच्या चांगल्या योजनेनं लागलीय.

गाळमुक्त धरण योजना. २०१७ ला आली, मधे थंडावली, २०२३ पासून परत. कल्पना एक नंबर, सरकार मशीन-डिझेलचं बघतं, गाळ शेतकऱ्यानं न्यायचा, लहान शेतकऱ्याला गाळ वाहून नेण्याचे एकरी १५ हजार, जास्तीत जास्त अडीच एकराला. शेत सुधारतं. पण आमचे तलाव धरण नाहीत ना बाप्पा. मामा तलाव उथळ असतो, काठाकडे घोटाभर, मग गुडघाभर, मग कंबर, मधे डोकंभर पाणी. त्या उथळ काठात गवत आणि पाणवनस्पती वाढतात, तिथंच मासोळी अंडी घालते, तिथंच पाखरं. पोकलेन येतो तो पाळीजवळ सोयीच्या जागी घुसतो आणि सरळ उभा खड्डा मारतो, कारण बिल घनमीटरवर आहे. काठ गेला, गवत गेलं, आणि कुठं कुठं तळाची चिकण मातीसुद्धा उचलली, तिथून पाणी झिरपून जातं. तलाव खोल झाला आणि रिकामा पण झाला.

त्यात मासे. खातं आणि संस्था दोघांनाही किलोचा हिशोब पाहिजे म्हणून रोहू-कतला-मृगळचं बीज सोडतात. देशी मासे, मरळ, शिंगूर, दाडक, कमी झाले. बीज विकत घ्यावं लागतं, ठेक्याची रक्कम भरावी लागते, पाणी लवकर आटलं तर संस्था तोट्यात. देशी मासोळीला बीजाचा खर्च नव्हता.

ह्याच्यावर काम झालंय आणि जवळच झालंय. अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या लोकांनी ढिवर समाजासोबत, त्यातही बायकांसोबत, बेशरमाची झुडपं उपटून, तळ नांगरून, कोणती वनस्पती कोणत्या पाण्यात लावायची हे म्हाताऱ्या लोकांना विचारून तलावात लावली. देशी मासे परत आले. ह्यात सिमेंट नाही, मशीन जवळपास नाही, खर्च जास्त करून मजुरीचाच. म्हणजे रोजगार हमीत बसायला पाहिजे. पण यादीत 'गाळ काढणे' आहे, 'तलावात गवत लावणे' कोणाला सुचलं नाही. आता सांगा, हे शासनाला एका परिपत्रकात जमण्यासारखं आहे की नाही? घनमीटरऐवजी काठ राखला का, चिकण मातीचा थर शाबूत आहे का हे बघून बिल काढा, आणि खोदायच्या आधी ढिवर संस्थेची सही घ्या. सहीशिवाय पोकलेन उतरणार नाही. दांडग्याला अडवायला सरकार पाहिजे म्हणता ना, ते इथं पाहिजे.

माणदेशी

सहीची आयडिया भारी. आमच्याकडं बी मेंढपाळांची सही ठेवा गायरानाला.

गडचिरोलीचा

सही घेणं म्हणजे ज्याच्याकडे जमीन नाही त्याचाही हक्क कागदावर येणं. विदर्भात ह्याला जुना आधार आहे आणि तो लोक विसरलेत. महसूल संहितेत कलम १६१ निस्तार पत्रक, कलम १६५ वाजिब-उल-अर्ज. गावातल्या सामाईक जमिनीवर कोणाची चराई, सरपण, माती. पाण्यावर कोणाचा सिंचनाचा, मासेमारीचा, वाटेचा रिवाज, हे गाववार लिहिलेलं असतं. जुन्या गावांचं रेकॉर्ड रूममध्ये सापडतं. आधी ते काढा. तुमचा तलाव त्यात काय म्हणून लिहिलाय, 'पाणी' म्हणून की 'पडीत' म्हणून, ह्यावर पुढचं सगळं.

खरंबोलू

आमच्या तलाठ्यानं (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पद तेच पाटी नवी) हे नावच ऐकलेलं नव्हतं.

निवृत्त_लघुसिंचन

तहसील किंवा जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा, तोंडी विचारू नका. नक्कल, गाव नकाशा आणि तलावाच्या गट नंबरचा आजचा सातबारा, तिन्ही शेजारी ठेवा. क्षेत्रात फरक दिसला की मोजणीची मागणी. आणि हिंचलाल तिवारी निकाल जोडा, सुप्रीम कोर्ट, २००१, तळ्याच्या जागेचं वाटप कोर्टानं रद्द केलं होतं. कार्यालयात निकालाचं नाव लिहिलेला अर्ज लोक जरा जपून हाताळतात.

मात्र मोजणीची फी कोण भरणार हा खरा तिढा. अतिक्रमण असलेली ग्रामपंचायत स्वतःच्या खिशातून स्वतःच्या माणसाविरुद्ध मोजणी लावत नाही. म्हणून मी म्हणेन राज्यानं तालुकावार सगळ्या मामा तलावांची मोजणी आपल्या खर्चानं, एका दमात लावावी, दगड रोवून द्यावेत. कोणी अर्ज केला म्हणून नाही. अर्जदाराचं नाव पुढं आलं की त्याची चूल बंद करतात लोक.

धानबांधी

हे शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे साहेब. आमच्याकडे अर्ज करणाऱ्याच्या बांधीचं पाणी तोडलं होतं एकदा.

ग्रामसभा १५ ऑगस्टला आहे. झेंड्यानंतर लोक जिलेबी खाऊन निघून जातात, म्हणून गणपूर्ती धरायची तर १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते. ढिवर मोहल्ला पूर्ण आला तर त्यांचीच पन्नास-साठ माणसं होतात. ठरावात तीन गोष्टी टाकतोय, शासनाच्या खर्चानं मोजणी, गाळाच्या कामाला मच्छीमार संस्थेची लेखी संमती, आणि नाल्याच्या मोऱ्या अंदाजपत्रकात धरणे. मजकूर कोणी नीट करून देईल का, सरकारी मराठी माझ्यानं होत नाही.

निवृत्त_लघुसिंचन

पाठवा व्यनि. उद्या संध्याकाळपर्यंत देतो. अभिलेख कक्षाच्या अर्जाचा नमुना पण त्यासोबत घ्या.

खरंबोलू

आणि सभेच्या आधी संस्थेच्या लोकांना ठराव वाचून दाखवा, तिथंच पहिल्यांदा ऐकला तर कोणी हात वर करणार नाही.